चार आठवड्यांचा पाहुणा

पहिल्या शिफ्टला सगळ्यात आधी शोधावं लागतं ते टाक्यांच्या सामानाचं कपाट. मग अल्ट्रासाउंडची जेली कुठे ठेवतात ते, मग रुग्णांसाठी गरम करून ठेवलेल्या ब्लँकेटांचं कपाट, मग स्वच्छतागृह. दाराला आकडे दाबून उघडायचं कुलूप असतं आणि ते आकडे कुणीतरी जाता जाता घाईत सांगून गेलेलं असतं. संगणकावरची केसपेपरची पद्धत आपल्या कॉलेजातल्यापेक्षा वेगळी असते. शहर नवं, भाड्याची खोली नवी, बसचा रस्ता नवा. आणि या सगळ्या नवखेपणात पहिल्या अर्ध्या तासात पडद्याआडच्या एका अनोळखी माणसापुढे उभं राहून म्हणायचं असतं, "मी मेडिकलची विद्यार्थिनी. आज काय त्रास होतोय म्हणून आलात?"

अमेरिकेत वैद्यकीय शिक्षणाच्या चौथ्या, म्हणजे शेवटच्या वर्षी हा प्रसंग इमर्जन्सी मेडिसिनकडे जाऊ पाहणाऱ्या बहुतेक मुलामुलींच्या वाट्याला येतो. आपलं कॉलेज सोडून दुसऱ्याच गावच्या, कधी देशाच्या दुसऱ्या टोकाच्या रुग्णालयात चार आठवडे काम करायचं. याला तिथे 'अवे रोटेशन' म्हणतात. विद्यार्थी आपापसात 'ऑडिशन' म्हणतात, आणि ते जास्त खरं आहे. कारण हे चार आठवडे शिकण्याचे आहेत तसेच पारखले जाण्याचेही आहेत. जो शिकवतो तोच तोलतो, आणि तोही त्याच वेळी.

इतर शाखांतही अशी पाहुणी विद्यार्थी मंडळी जातात. अस्थिरोग, न्यूरोसर्जरी इथे तर हमखास. पण इमर्जन्सी मेडिसिनने ही पद्धत जितकी मनावर घेतली तितकी फार थोड्या शाखांनी घेतली असेल. त्याचं कारण या शाखेच्या जन्मात आहे.

१९६०च्या आधी अमेरिकेतल्या रुग्णालयांत 'इमर्जन्सी रूम' ही खरोखर एक खोलीच असे. तिथे ज्याची पाळी असेल तो उभा राही. कधी नुकताच पास झालेला इंटर्न, कधी पाळीने बोलावलेले त्वचारोगतज्ज्ञ. हृदयविकाराचा झटका आलेल्या माणसाच्या नशिबात त्या रात्री कोण येईल याचा नेम नसे. १९६१ साली व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रिया या गावात जेम्स मिल्स नावाच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी आपापली खासगी प्रॅक्टिस सोडली आणि तिथल्या रुग्णालयाची इमर्जन्सी रूम चोवीस तास स्वतः सांभाळायला घेतली. चार डॉक्टर, एक खोली, दुसरं काम नाही. पुढे १९६६ साली अपघाती मृत्यू हा आधुनिक समाजाचा दुर्लक्षित आजार आहे असं बजावणारा एक अहवाल आला आणि रस्त्यावर मरणाऱ्या माणसांकडे लोकांचं लक्ष गेलं. १९६८ साली इमर्जन्सीत काम करणाऱ्या डॉक्टरांची संघटना झाली. १९७० साली सिनसिनाटी विद्यापीठात या विषयाची पहिली रेझिडेन्सी, म्हणजे पदव्युत्तर प्रशिक्षण, सुरू झाली आणि ब्रूस जॅनियक हे तिचे पहिले रेझिडेंट. १९७९ साली स्वतंत्र विशेषशाखा म्हणून मान्यता मिळाली. एकूण वय अजून पन्नाशीच्या आसपासचं. शल्यचिकित्सेच्या तुलनेत हे पोर आहे.

आता या शाखेचा मूळ धर्म पाहा. हृदयरोगतज्ज्ञाकडे येणारा रुग्ण हृदयाचाच असावा, हे कुणीतरी आधी ठरवलेलं असतं. इथे काहीच ठरलेलं नसतं. १९८६ च्या कायद्याने तिथल्या इमर्जन्सी विभागाला दारात आलेल्या कुणालाही, पैसे असोत वा नसोत, तपासावंच लागतं आणि जीव धोक्यात असेल तर स्थिर करावं लागतं. दार कधीच बंद होत नाही. वर्षाला या दारांतून काही कोटी नव्हे, तर चौदा कोटींहून जास्त भेटी होतात. येणारा प्रत्येक माणूस अनोळखी. त्याचा इतिहास ठाऊक नाही, आधीचे कागद नाहीत, कधी नावही नाही. अशा माणसाबद्दल, अपुऱ्या माहितीवर, थोड्या वेळात काहीतरी ठरवायचं, हेच या डॉक्टरचं आयुष्यभराचं काम. मग त्याची निवड लेखी परीक्षेतल्या गुणांवर कशी करणार? त्याला अनोळखी ठिकाणी सोडून बघणं हीच त्यातल्या त्यात प्रामाणिक परीक्षा. माझ्या मते अवे रोटेशनचा सगळा जीव या एका गोष्टीत आहे. रुग्णाइतकाच विद्यार्थीही त्या इमारतीत नवखा असतो.

चार आठवड्यांत साधारण पंधराच्या आसपास शिफ्ट असतात. काही आठ तासांच्या, काही बारा. सकाळ, दुपार, रात्र अशा आळीपाळीने, त्यामुळे दुसऱ्या आठवड्यात झोपेचं गणित बिघडतंच. आलेल्या रुग्णाला दारातली नर्स एक ते पाच असा क्रमांक देते. एक म्हणजे या क्षणी हात लावा, पाच म्हणजे साधी चिठ्ठी लिहून दिली तरी भागेल. विद्यार्थी पडद्यावरच्या यादीतून एक नाव उचलतो, आत जातो, बोलतो, तपासतो, बाहेर येतो आणि ज्येष्ठ डॉक्टरपुढे उभा राहून त्या माणसाची केस मांडतो. त्या ज्येष्ठाला तिथे 'अटेंडिंग' म्हणतात. मांडणीला तीन मिनिटं. त्याहून जास्त वेळ कुणाकडे नसतो.

या तीन मिनिटांत काय होतं ते जवळून बघण्यासारखं आहे. समजा अठ्ठावन्न वर्षांचे एक गृहस्थ आहेत, गोदामात माल उचलण्याचं काम करतात. दोन तासांपासून छातीत जळजळ. जेवण झाल्यावर सुरू झाली. अँटासिड घेतल्यावर जरा बरं वाटलं. विद्यार्थिनी हे सगळं नीट सांगते आणि शेवटी म्हणते, "अ‍ॅसिडिटी वाटते."

अटेंडिंग मान हलवतात. "असेलही. आणि नसेल तर?"

इथे नवी मुलं गडबडतात. मेडिसिनच्या वॉर्डात त्यांना शिकवलेलं असतं की सगळ्यात संभवनीय निदान आधी सांगा. इमर्जन्सीत क्रम उलटा. आधी जे जीव घेईल ते. छातीत दुखणाऱ्या माणसाबाबत हृदयविकाराचा झटका हा एकच विचार पुरत नाही. महाधमनीचं अस्तर फाटलेलं असू शकतं. फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकलेली असू शकते. फुप्फुसाबाहेर हवा साठून ते दाबलं गेलेलं असू शकतं. हृदयाभोवतीच्या पिशवीत रक्त साचलेलं असू शकतं. जोराच्या उलटीनंतर अन्ननलिका फाटलेली असू शकते. यातलं एकेक नाव घ्यायचं आणि ते का नाही हे पुराव्यानिशी सांगायचं. दोन्ही हातांतला रक्तदाब सारखा आहे. पायाला सूज नाही, अलीकडे शस्त्रक्रिया किंवा लांबचा प्रवास नाही. दोन्ही बाजूंनी श्वासाचा आवाज सारखा येतो. ईसीजी, जो दारात आल्यापासून दहा मिनिटांत काढायचा असतो, तो तिने स्वतः पाहिला. ट्रोपोनिनची, म्हणजे हृदयाला इजा झाली का ते सांगणारी रक्ताची, पहिली तपासणी ठीक आली, काही तासांनी दुसरी पाठवायची. अँटासिडने बरं वाटणं हा हृदयविकार नसल्याचा पुरावा धरत नाहीत, हेही तिला बोलता यायला हवं. एवढं झाल्यावर मग म्हणायचं, "बहुधा अ‍ॅसिडिटी."

शब्द तोच. पण पहिल्या वेळी तो अंदाज होता, आता तो निर्णय झाला.

त्यानंतर ठरलेला प्रश्न येतो. "मग आता काय करावं असं तुला वाटतं?" या प्रश्नावर विद्यार्थ्याची पातळी कळते. लुई पँगारो या डॉक्टरांनी १९९९ साली विद्यार्थ्यांना तोलायची एक साधी शिडी मांडली, ती आजही वापरतात. पहिली पायरी बातमीदाराची. रुग्ण काय म्हणाला, तपासणीत काय मिळालं, हे बिनचूक सांगणारा. दुसरी अर्थ लावणाऱ्याची. तिसरी उपाय ठरवणाऱ्याची. चौथी दुसऱ्याला शिकवणाऱ्याची. बहुतेक मुलं बातमीदार म्हणून येतात. चार आठवड्यांत दुसरी पायरी पक्की करून तिसरीवर एक पाय ठेवता आला, तर ते रोटेशन सार्थकी लागलं.

बोलण्याबरोबर हातही बघितला जातो. अमेरिकेतली एक अगदी घरगुती जखम घ्या. अ‍ॅव्होकॅडोची कोय काढताना सुरी निसटते आणि डाव्या तळहातात घुसते. माणूस स्वयंपाकघरातला टॉवेल गुंडाळून येतो. विद्यार्थ्याला टाके घालायचे असतात, हात शिवशिवत असतात, आणि तिथेच चूक होते. तो आधी भूल देतो. भूल दिल्यावर बोटाची संवेदना तपासता येत नाही. सुरीने मज्जातंतू कापला गेला होता की भुलीने बोट बधिर झालं, हे मग कुणीच सांगू शकत नाही. म्हणून आधी प्रत्येक बोटाच्या दोन्ही कडांना हलका स्पर्श करून विचारायचं. प्रत्येक सांधा वेगळा वाकवून, विरोधाला जोर लावायला सांगून स्नायुरज्जू शाबूत आहे का ते बघायचं. मग भुलीचं लिडोकेन, हळूहळू. त्यात सोडियम बायकार्बोनेट मिसळलं तर चुणचुण कमी होते. मग भरपूर पाण्याने जखम धुणं. स्वच्छ नळाचं पाणी यासाठी सलाइनइतकंच चालतं, हे अभ्यासांत दिसलेलं आहे, तरी नव्या विद्यार्थ्याचा त्यावर चटकन विश्वास बसत नाही. मग जखमेचा तळ दिसेपर्यंत बघायचं. बोट वाकवून पुन्हा बघायचं, कारण सुरी घुसली तेव्हा हात मिटलेला होता आणि आता तो उघडा आहे. कापलेली रज्जू वर सरकून लपलेली असू शकते.

टाके ही त्यानंतरची गोष्ट. सुई कातडीत काटकोनात शिरली पाहिजे, गाठ जखमेवर न येता बाजूला बसली पाहिजे, कडा किंचित वर उचललेल्या दिसल्या पाहिजेत. हे सगळं होत असताना तो माणूस बघत असतो. त्याच्याशी बोलत राहणं, धनुर्वाताची लस कधी घेतली ते विचारणं, टाके किती दिवसांनी काढायचे आणि कशाकशासाठी परत यायचं ते सांगणं, हे हाताइतकंच महत्त्वाचं. जो विद्यार्थी शेवटी सुया स्वतः मोजून धारदार वस्तूंच्या डब्यात टाकतो आणि ट्रे उचलून नेतो, त्याची नर्सला आठवण राहते. नर्सचं मत विचारलं जातं. हे कुठल्या नियमात लिहिलेलं नसेल, पण अशा विभागात ते विचारलं जातंच.

मला वाटतं, या चार आठवड्यांत सर्वांत जास्त सांगून जाणारी गोष्ट म्हणजे परत जाणं. वेदनाशामक दिल्यावर अर्ध्या तासाने त्या खाटेपाशी पुन्हा कोण गेलं? रक्ताचा अहवाल अटेंडिंगच्या आधी कुणी उघडला? घाबरलेल्या म्हातारीला सीटी स्कॅनचा निकाल लांबतोय हे कुणी जाऊन सांगितलं? गर्दीच्या रात्री हुशार विद्यार्थी पाचवा रुग्ण उचलतो. शहाणा विद्यार्थी तीनच उचलतो आणि तिघांचं शेवटपर्यंत बघतो.

महिना संपला की पत्र लिहिलं जातं. या शाखेने १९९० च्या दशकात एक मोठं धाडस केलं. शिफारसपत्रांत सगळेच विद्यार्थी असामान्य असतात, त्यामुळे ती वाचून काहीच कळत नाही, हे मान्य करून रेझिडेन्सीच्या संचालकांच्या परिषदेने सगळ्या देशासाठी एकच ठरावीक नमुना काढला. त्याला आज 'स्लो' म्हणतात, म्हणजे प्रमाणित मूल्यमापनपत्र. त्यात मोकळी स्तुती थोडी आणि नेमके प्रश्न जास्त. काम अंगावर घेतो का? निदानांची यादी आणि उपचारांची आखणी नीट करतो का? इतरांबरोबर जमवून घेतो का? रुग्णाला आपुलकी जाणवते का? पुढे रेझिडेन्सीत याला किती हात धरून चालवावं लागेल? आणि मग कळीचा रकाना. आलेल्या सगळ्यांत हा विद्यार्थी पहिल्या दहा टक्क्यांत बसतो, वरच्या तृतीयांशात, मधल्या की खालच्या? आधीच्या वर्षी आपण किती जणांना कुठे बसवलं, हेही पूर्वी लिहिणाऱ्याला दाखवावं लागे. म्हणजे सगळ्यांनाच पहिल्यात बसवलं तर ते उघड दिसे. बऱ्याच ठिकाणी हे पत्र एक माणूस लिहीत नाही, शिक्षकांचा गट बसून लिहितो.

विद्यार्थी ते वाचत नाही. वाचण्याचा हक्क त्याने आधीच सही करून सोडलेला असतो.

२०२२ च्या जानेवारीपासून तिथली पहिली राष्ट्रीय वैद्यकीय परीक्षा, स्टेप वन, फक्त पास-नापास अशी झाली. गुणांचा आकडा गेला आणि या पत्राचं वजन आणखी वाढलं. सप्टेंबरच्या शेवटी अर्ज, मग मुलाखती, आणि मार्चच्या तिसऱ्या शुक्रवारी देशभर एकाच वेळी निकाल. विद्यार्थ्यांनी लावलेला पसंतीक्रम आणि रुग्णालयांनी लावलेला पसंतीक्रम संगणक जुळवतो. ज्या गणितावर हे चालतं त्या प्रकारच्या कामासाठी लॉइड शॅप्ली आणि अ‍ॅल्विन रॉथ यांना २०१२ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. गणित अचूक आहे. पण त्या गणितात जाणारं पत्र माणसांनी लिहिलेलं आहे, आणि ते एका महिन्यात दिसलेल्या माणसाबद्दल आहे. जो विद्यार्थी तिसऱ्या आठवड्यात आजारी पडला, ज्याचा स्वभाव मुळातच शांत आहे, ज्याला बोलायला थोडा वेळ लागतो, त्याच्यावर या पद्धतीत अन्याय होऊ शकतो. ते मी नाकारणार नाही.

आणि पैसा. या महिन्याचा विमानप्रवास, खोलीचं भाडं, गाडी, हे सगळं विद्यार्थ्याच्या खिशातून, आणि तो खिसा आधीच कर्जाचा. शिवाय आपल्या शहरातल्या घराचं भाडं चालूच. ज्यांच्या कॉलेजला स्वतःचा इमर्जन्सी मेडिसिनचा रेझिडेन्सी कार्यक्रमच नाही, त्यांना एकदा नव्हे, दोनदा बाहेर जावं लागतं, कारण घरून पत्र मिळण्याची सोयच नसते. काही रुग्णालयं आता गरजू विद्यार्थ्यांना खर्चासाठी मदत देतात. ती सगळ्यांना पुरत नाही. एका महिन्याच्या भाड्यावर एखाद्या चांगल्या डॉक्टरची वाट अडत असेल, तर त्याचा तोटा उद्या त्या दारात येणाऱ्या रुग्णालाही होतो.

२०२० च्या उन्हाळ्यात कोविडमुळे ही ये-जा जवळजवळ थांबली. ज्यांच्या कॉलेजात सोय नाही अशांनाच बाहेर जाण्याची मुभा राहिली. त्यानंतर दोन-तीन वर्षांत आणखी एक धक्का बसला. पुढे या शाखेत डॉक्टर जास्त होतील असा अंदाज २०२१ साली प्रसिद्ध झाला होता, महामारीत विभाग होरपळले होते, जागा मात्र वाढत होत्या. २०२३ च्या निकालात तीन हजारांच्या आसपास जागांपैकी ५५४ रिकाम्या राहिल्या. पुढच्या वर्षी तो आकडा १३५ वर आला. रिकाम्या जागांच्या त्या वर्षी परीक्षा देणारे आणि घेणारे यांची बाजू थोडी बदलली. पाहुणा विभागाला पारखू लागला. इथली माणसं रात्री तीन वाजता एकमेकांशी कशी बोलतात, रेझिडेंटला शिफ्टमध्ये जेवायला मिळतं का, हे तो बघू लागला. ते त्याने आधीपासूनच बघायला हवं होतं.

आपल्याकडची मुलंही या दारातून जातात. महाराष्ट्रातल्या मेडिकल कॉलेजांमधून अमेरिकेत जाऊ पाहणाऱ्यांच्या तोंडी 'इलेक्टिव्ह' आणि 'ऑब्झर्व्हरशिप' हे दोन शब्द सतत असतात आणि त्या दोहोंत जमीन-अस्मानाचा फरक आहे. एमबीबीएस चालू असताना, विद्यार्थी म्हणून इलेक्टिव्ह मिळालं, तर रुग्णाशी बोलता येतं, तपासता येतं, देखरेखीखाली टाकाही घालता येतो. तीच मुलगी पदवी हातात आल्यावर गेली, तर बहुतेक ठिकाणी ती ऑब्झर्व्हर. हात पाठीमागे बांधून भिंतीशी उभं राहायचं. कॅज्युअल्टीत राबलेले ते हात असतात.

इथे भारतात इमर्जन्सी मेडिसिनच्या एमडीला २००९ साली मान्यता मिळाली. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिका २०१४ पासून धावताहेत. २०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमातही इलेक्टिव्ह आलं. पण आमच्या वेळी यातलं काही नव्हतं. सरकारी रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत मी इंटर्न होतो तेव्हा टाके घालायला कुणी शिकवलं असं आठवत नाही. पहिल्याच रात्री वॉर्डबॉयने सामान पुढे केलं आणि मी शिवायला लागलो. डोकं फुटलेले, दारू प्यायलेले, एसटीच्या अपघातातले. दिवाळीच्या सुमारास भाजलेले हात. रजिस्टर, पोलीस केससाठीचा एमएलसीचा कागद, पोलिसाची सही, आणि बाहेर पंधरा नातेवाईक. एका महिन्यात माझ्या हातून इतके टाके गेले असतील की अमेरिकेतल्या एखाद्या पाहुण्या विद्यार्थ्याला ते वर्षभरात मिळू नयेत. हाताला सराव खूप झाला.

एका पहाटे पोट धरून आलेल्या एका तरुण बाईला मी तपासलं आणि मेडिसिनच्या सरांना उठवून केसपेपर पुढे केला. सर त्या आठवड्यात बदलीवर आलेले होते, आम्हाला नवीन. त्यांनी कागद घेतला नाही. खुर्चीत सरळ बसले आणि विचारलं, "पाळी कधी चुकली हे विचारलंस? बरं, ते राहू दे. तुला काय वाटतं?"

मी केसपेपरकडे बघत राहिलो. वय होतं, नाडी होती, रक्तदाब होता, पोटात उजव्या बाजूला दुखतंय हेही मीच लिहिलेलं होतं. सर थांबले होते. आत बाई कण्हत होती. मी कागद टेबलावर ठेवला आणि म्हणालो, "सर, मी परत जाऊन विचारून येतो."

"जा," ते म्हणाले. "मी इथेच आहे."